मानेइतकं खोड

खड्डा अजून रिकामाच होता.

फेब्रुवारीतल्या ओल्या, जड बर्फाने अंगणातला थोरला अक्रोड मुळांसकट आडवा केला, त्याला आता आठ महिने होत आले होते. खोड सुताराने नेलं, फांद्या चुलीत गेल्या आणि मागे राहिला तो घोडागाडी आरामात मावेल एवढा खड्डा. आगाफिया रोज दोनदा बादल्या घेऊन त्याला वळसा घालून डुकरांकडे जायची. पहिल्या दिवसांत वळसा घालताना तिला राग येई. मग सवय झाली. या घरात तीस वर्षं काढल्यावर तिला कळून चुकलं होतं, की राग आणि सवय यांच्यात साधारण तीन आठवड्यांचं अंतर असतं.

खड्डा बुजवायला कुणाचीच ना नव्हती. अडचण एवढीच, की तो अक्रोडाने बुजवायचा होता आणि अक्रोड लावायला घरातला एकही माणूस तयार नव्हता.

हे सगळं एप्रिलपासूनचं. ईस्टर झालं की आठवड्याने मेलेल्यांचं ईस्टर असतं. त्या दिवशी अख्खं गाव कबरस्तानात डबे उघडून बसतं आणि इटलीपासून मॉस्कोपर्यंत पांगलेली मुलंबाळं दोन दिवसांपुरती परत येतात. सासऱ्यांच्या कबरीशेजारच्या बाकावर बसून, लाल अंडं सोलता सोलता, सासूबाईंनी जाहीर केलं, "या घराच्या मातीत ज्याच्या हातचा अक्रोड उभा असेल, घर त्याचं. यंदाची पानं गळेपर्यंत वाट बघेन. नसेल कुणाच्या हातचा, तर घर चर्चला." मग अंड्याला मीठ लावून त्यांनी ते शांतपणे खाल्लं.

येफिमिया बुलिगा यांचं वय चौऱ्याऐंशी. एवढ्या वर्षांत त्यांनी थट्टा केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बाकाभोवती बसलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट पाळण्यात असल्यापासून ठाऊक होती: जो अक्रोड लावतो, तो त्या झाडाचं खोड आपल्या मानेइतकं जाड झालं की मरतो. त्यामुळे या मुलखात अक्रोड लावतात ते एकतर म्हातारे, नाहीतर कावळे. म्हातारे उरलेलं आयुष्य जमेस धरून लावतात. कावळे थंडीची बेगमी म्हणून पुरतात आणि कुठे पुरला ते विसरतात. आडवा झालेला थोरला अक्रोड आजेसासरे पांतेलेय यांनी सत्तराव्या वर्षी लावला आणि ते एक्याण्णवाव्या वर्षी गेले. तोवर खोड मानेच्या दुप्पट झालं होतं. यावरही घरच्यांनी तोड काढली होती: पांतेलेय यांची मान मूळचीच बैलासारखी होती, असं सांगितलं जाई. फोटोत ती कोंबडीसारखी दिसे. पण फोटो जुना होता.

धाकटी मुलगी झिना राजधानीत, किशिनाऊला शाळातपासनीस होती. असल्या खुळचट समजुतींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ती लगेच म्हणाली, "मग आई, तूच का नाही लावत? तुला तसंही..." एवढं बोलून तिने द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भाताचा एक अख्खा मुटका तोंडात कोंबला.

"मी लावणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "कुणाला किती घाई आहे ते मला बघायचंय."

आगाफिया पलीकडे, नवऱ्याच्या कबरीवरचं तण उपटत होती. तिच्या मनात आलं, आत्ताच सांगून टाकावं. पण सांगायचं म्हणजे का लावला तेही सांगावं लागलं असतं. तण पुष्कळ होतं. ती उपटत राहिली.

तेव्हा घरामागच्या उतारावरच्या सहा अक्रोडांना हिरव्या सुरवंटांसारखे तुरे लोंबत होते. अक्रोडाचं हे विचित्रच असतं. एकाच झाडाचे तुरे आणि फुलं एका वेळी तयार होत नाहीत. तुरे आपली पिवळी भुकटी वाऱ्यावर उधळतात तेव्हा फुलं मिटलेली. आणि दोन-दोन इवली पिसं पसरून फुलं उघडतात, तेव्हा तुरे खाली पडून काळे झालेले. शेजारच्या झाडाने मदत केली तरच फळ धरतं. बुलिगा घराण्यातले नवरा-बायको याच झाडावरून बेतले असावेत, असं आगाफियाला पुष्कळदा वाटे.

मेच्या तोंडावर एका पहाटे कडक हिम पडलं आणि निम्मा बहर चहाच्या चोथ्यासारखा काळा झाला. झाडं काही दिवस गप्प उभी राहिली आणि मग मागच्या झोपलेल्या डोळ्यांतून पुन्हा फुटली. जूनमध्ये आगाफिया सुई घेऊन झाडाखाली उभी होती. अक्रोड कोवळा असतो, आत कवच धरलेलं नसतं, सुई आरपार जाते. असे पाच-सहाच दिवस मिळतात आणि तेवढ्यात हिरव्या अक्रोडांचा मुरांबा उरकावा लागतो. नेमका तेव्हा धाकटा दीर सावा याचा इटलीतल्या पादोव्याहून फोन आला. तो तिथे भिंतींना गिलावा करायचा. त्याने हवापाणी विचारलं, आईची तब्येत विचारली आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की अक्रोडाचं खोड वर्षाला साधारण किती बोटं वाढतं. आगाफिया म्हणाली, पहिली तीन-चार वर्षं ते नुसतं खाली जातं, वर दिसत नाही. सावाला बरं वाटलं असावं. "पण एकदा मूळ रुतलं की थांबत नाही," ती पुढे म्हणाली, तेव्हा फोन कट झाला.

जुलैत सुई अडायला लागली. ऑगस्टमध्ये आतला गर साईसारखा झाला. तेव्हा झिना एक दिवस येऊन खड्ड्याभोवती तीन फेऱ्या मारून गेली. सप्टेंबर सरता सरता साली तडकायला लागल्या. आणि बघता बघता चौदा ऑक्टोबर आला. त्या दिवशी गावच्या चर्चचा सण, घरोघरी पाहुणे, आणि बुलिगांकडे अक्रोड झोडायचं काम. पानं पिवळी पडली होती, पण झाडावर होती. अक्रोडाची पानं एकेक करून गळत बसत नाहीत. पहिलं जोरदार हिम पडलं की एका सकाळीत झाड मोकळं होतं. ते हिम आज येईल की उद्या, हे बघायला सगळेच सारखे आभाळाकडे मान वर करत होते. माना तशा सगळ्यांच्या डोक्यात होत्याच.

सावा आला तो व्हॅनमध्ये रोप घालून. हातभर उंचीचं, कलम केलेलं, कुंडीतलं, नर्सरीची चिठ्ठी लावलेलं. उतरल्या उतरल्या त्याने समजावून दिलं, की यात धोका मुळीच नाही, कारण बी पेरलं ते नर्सरीतल्या माणसाने. आपण फक्त जागा बदलायची. मरायचं असेल तर तो मरेल.

"कोण तो?" सासूबाईंनी विचारलं.

"मला काय माहीत आई. इटालियन आहे कुणीतरी."

"बिचारा," सासूबाई म्हणाल्या आणि काठी टेकत आत गेल्या. जाता जाता सांगून गेल्या, की दुसऱ्याने पेरलेलं असेल तर मग ते दुसऱ्याच्या हातचं झालं, आणि त्या इटालियनाला घर द्यायचा त्यांचा विचार नाही.

सावा कुंडी घेऊन अंगणात उभाच राहिला. त्याची बायको ल्यूबा म्हणाली, "मी सांगत होते." तिने काय सांगितलं होतं ते तिने सांगितलं नाही.

सकाळभर झोडणी चालली. सावा लांब काठीने फांद्या झोडत होता. बायका खाली वाकून वेचत होत्या, साली सोलत होत्या. तडकलेल्या सालीतून अक्रोड सुटून येतो, पण आपला काळा रंग बोटांना देऊन येतो, आणि तो महिनाभर जात नाही. आगाफियाचे हात दर ऑक्टोबरात असे व्हायचे. रविवारच्या प्रार्थनेला ती हात जोडायची ते काळेच. झिनाने शहरातून रबरी हातमोजे आणले होते.

ती हळूहळू सरकत आगाफियाच्या झाडाखाली आली. आधी पाठदुखीची चौकशी केली. मग आवाज उतरवून म्हणाली, "वहिनी, स्पष्टच बोलते. सावाच्या हातात घर गेलं, की तो विकून मोकळा होणार. मग तू कुठे जाशील? त्यापेक्षा तू लाव. खड्ड्यात तू लाव, घर माझ्या नावावर कर, आणि तू इथेच राहा. मरेपर्यंत."

"म्हणजे खोड मानेइतकं होईपर्यंत," आगाफिया म्हणाली.

"माझा नाही विश्वास असल्या गोष्टींवर."

"मग वन्सं, तुम्हीच लावा की."

झिनाने हातमोजा ओढून नीट बसवला. ती म्हणाली, की तिच्या नवऱ्याचा विश्वास आहे आणि त्याचं ब्लडप्रेशर आहे. शिवाय तिची मान बघ, बारीक आहे, बाराच वर्षांत... म्हणजे विश्वास असता तर.

अर्ध्या तासाने तेच ल्यूबाने विचारलं, दुसऱ्या झाडाखाली. तिची योजना अशी होती, की फावडं सावाने आणि आगाफियाने दोघांनी मिळून धरावं, म्हणजे जे काही व्हायचं ते निम्मं निम्मं होईल. निम्मं मरण कसं असतं, असं आगाफियाने विचारलं. ल्यूबा म्हणाली, "ताई, तुम्ही फार वाईट अर्थ काढता." मग तिने मन मोकळं केलं. गेले सहा महिने ती सावाला दोन वेळा डुकराची चरबी आणि रात्री मक्याच्या पिठाचा घट्ट मामालिगा घालत होती. त्याची कॉलर बेचाळीसवरून चव्वेचाळीसवर गेली होती. अजून दोन बोटं वाढली, तर तो स्वतःच लावायला तयार झाला असता. पण डॉक्टरने मध्येच रक्तात साखर काढली.

आगाफियाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ती पाठ सरळ करून उभी राहिली तर कमरेत कळ आली. दोघी तिला घरात राहू देणार होत्या, ही त्यातली खरी गोष्ट. या घराचं छप्पर तिने शाकारलं होतं, यांच्या आईला तीन वर्षं न्हाऊमाखू घातलं होतं, तळघरातली द्राक्षं तीच तुडवत होती, आणि आता तिला इथे राहू द्यायचं की नाही हे एका कुंडीतल्या रोपावर ठरणार होतं. तिचं मूलबाळ नव्हतं, माहेरी भावाच्या घरात भावाचीच माणसं मावत नव्हती. बावन्नाव्या वर्षी ती कुणाच्या अंगणात बादल्या घेऊन वळसे घालणार होती? ती पुन्हा वाकली. वाकलं की निदान विचार थोडे कमी व्हायचे.

जेवणाला पाद्रीबाबाही आले. सण होता, त्यांना यावंच लागे, पण यंदा ते जरा लवकर आले आणि चौकटीपासून धुराड्यापर्यंत घर नजरेने मोजत बसले. अक्रोडाच्या समजुतीबद्दल चर्चचं काय मत आहे, असं झिनाने त्यांना मुद्दाम विचारलं. पाद्रीबाबांनी वाइनचा घोट घेतला आणि सांगितलं, की चर्च असल्या गोष्टी मानत नाही. माणसाचं आयुष्य देवाच्या हातात असतं, झाडाच्या नाही.

"तुमच्या अंगणातला अक्रोड कुणी लावला?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हाताऱ्या घंटावाल्याने," पाद्रीबाबा म्हणाले. "त्याला आवड होती."

सकाळपासून बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. वाइनचा तिसरा जग रिकामा होईपर्यंत ते बोलायला लागले, चौथ्यापर्यंत त्यांचं जमलं. आगाफिया मटणाचं भांडं घेऊन आत-बाहेर करत होती, तिला ते तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं. आधी झिना म्हणाली, की भांडून चर्चला घर देण्यापेक्षा निम्मं निम्मं करू. मग सावा म्हणाला, निम्मं निम्मं ठीक, पण लावणार कोण. मग ल्यूबाने सगळ्यांचे ग्लास भरले. आणि मग सावाने टेबलावर थाप मारली.

"तळघरामागचा तो कावळ्याचा अक्रोड!"

सगळ्यांना तो माहीत होता. तळघराच्या मागच्या अंगाला, कुंपणाला लागून एक अक्रोड आपोआप उगवला होता. कुणी लावला नव्हता, तेव्हा तो कावळ्याने लावला असणार. सरळ, निरोगी झाड होतं. गेली दहा-अकरा वर्षं फळही धरत होतं. सावाचं म्हणणं असं, की तो उपटून खड्ड्यात बसवायचा. लावला कावळ्याने, आपण फक्त हलवला. मेला तर कावळा मरेल, आणि तो बहुधा मेलेलाच असेल. घराच्या मातीतला अक्रोड घराच्या मातीतच राहील. आणि कावळा काही घर मागायला येणार नाही.

झिना उठून उभी राहिली आणि तिने भावाला मिठी मारली. आठ वर्षांत पहिल्यांदा. ल्यूबाने डोळे पुसले. पाद्रीबाबांनाही काही हरकत घेता येईना. कावळ्याला आत्मा असतो की नसतो, यावर ते मोघम बोलले आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. सासूबाई मात्र ब्रेडचा मऊ भाग चिवडत आगाफियाकडे बघत होत्या.

"तो हलवला तर मरेल," आगाफिया म्हणाली. भांडं अजून तिच्या हातात होतं. "अक्रोडाचं सोटमूळ असतं. एवढं झाड आता हलत नाही."

"मरू दे हो वहिनी," सावा म्हणाला. "पानं गळेपर्यंत उभं राहिलं की झालं."

शेजारच्या सिमियोनचा ट्रॅक्टर त्याच्या दारातच उभा होता; सणाचा दिवस होता आणि सिमियोन प्यायलेला होता, म्हणजे नाही म्हणण्याची शक्यता नव्हती. अर्ध्या तासात सावाने साखळी आणली. सगळे ग्लास घेऊन मागे तळघराकडे गेले, लग्नाला निघाल्यासारखे. सासूबाईंसाठी झिनाने खुर्ची उचलून आणली. आगाफिया सगळ्यांत मागे होती. हात धुवायचे म्हणून ती थांबली होती, पण ते हात धुऊन निघणार नव्हते.

ती पोचली तेव्हा सावा खोडाला साखळीचा वेढा घालत होता. साल राखी आणि अजून गुळगुळीत होती. अक्रोडाचं झाड चाळीस वर्षांचं झाल्याशिवाय त्याच्या अंगावर भेगा पडत नाहीत. साखळी सालीवर घासली आणि पांढुरका ओरखडा उठला, दुसऱ्या क्षणी तपकिरी झाला.

"सोडा ती," आगाफिया म्हणाली.

सावाला वाटलं, ती ट्रॅक्टरबद्दल बोलतेय.

"भाऊजी, साखळी सोडा. कावळ्याने नाही लावलेलं ते झाड."

"मग कुणी लावलं?"

"मी."

सिमियोनने ट्रॅक्टर बंद केला. खरं म्हणजे तो आपोआप बंद पडला.

आगाफियाने उभ्या उभ्याच सांगितलं, कोंबड्या कुठे अंडी घालतात ते सांगावं तितक्याच आवाजात. तिचा नवरा इलारियोन थोरल्या अक्रोडावरून पडला, त्याला या महिन्यात एकोणीस वर्षं झाली. काठी पोचत नव्हती म्हणून तो वर चढला होता. दफन झाल्यावर तिने त्याचं जाकीट धुवायला काढलं तर खिशात तीन अक्रोड निघाले. एक फोडला, तो पोकळ होता. दुसरा फोडला आणि खाल्ला. तिसरा तळघरामागे टीचभर खोल पुरला. मुद्दाम पुरला. विहीर होती, दोरी होती, पण ते पाप. अक्रोड लावणं पाप नव्हतं. नुसती वाट बघायची होती.

"पहिली चार वर्षं काहीच नाही," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्याइतकंसुद्धा नाही. मला वाटलं, हेही माझ्यासारखंच. मग निघालं. मी दर वर्षी तुरे यायच्या दिवसांत दोरा घेऊन मोजायची. आधी गळ्याला, मग खोडाला. आठव्या वर्षी दोन अक्रोड धरले. दोनच."

झिनाने ग्लास खाली ठेवला. तिला काय झालं कोण जाणे, तिने आपल्या गळ्यातला रेशमी रुमाल काढला, आगाफियाच्या मानेला लावून चिमटीत माप धरलं आणि जाऊन खोडाला लावलं. रुमाल निम्म्याही खोडाला पुरला नाही. ज्या बाईचा असल्या खुळचट समजुतींवर काडीचा विश्वास नव्हता, तिचा चेहरा पांढरा पडला. ती आगाफियाकडे अशी बघायला लागली, की ही इथे उभी कशी.

"कधी झालं ते मानेइतकं?" सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं.

"बाराव्या वर्षी. सात वर्षं झाली. मंगळवार होता. तुरे नुकते सुटले होते. तुम्ही सगळे लग्नाला गेला होता, पलीकडच्या गावात. तुम्हाला, आई, गुडघ्याने धरलं होतं, म्हणून तुम्ही घरी. मी भल्या पहाटे उठले. ब्रेड भाजला, जरा जास्त, लोक येतील म्हणून. कपाट आवरलं. न्हाले, स्वच्छ पांघरुणं घातली, काळा पोशाख घातला आणि जाऊन पडले."

"आणि?" ल्यूबाने विचारलं. खरोखरच पुढे काय झालं, असं तिला वाटत होतं.

"आणि झोप लागली," आगाफिया म्हणाली. "जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. इतकी झोप मला या घरात कधी लागली नव्हती. उठून बसले आणि म्हटलं, अरे देवा, डुकरं उपाशी आहेत. धावत गेले. डुकरं ओरडत नव्हती. मला वाटलं, मेली."

बोलता बोलता ती थांबली. सात वर्षं तिने हे मनात पुष्कळदा घोळवलं होतं, पण डुकरं का ओरडत नव्हती हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. त्या दिवशी मरण चुकल्याच्या गोंधळात तो राहूनच गेला होता.

"त्या दिवशी डुकरांना मी घातलं," सासूबाई म्हणाल्या. "एकेक बादली अर्धी अर्धी करून. दुखऱ्या गुडघ्याने सहा फेऱ्या. तुझ्या खोलीत डोकावले, तर तू काळ्या पोशाखात, छातीवर हात घेऊन. जवळ जाऊन बघितलं. घोरत होतीस. म्हटलं, झोपू दे."

पाद्रीबाबांनी टोपी काढली आणि ती का काढली ते न समजून पुन्हा घातली.

"तुम्हाला माहीत होतं?" आगाफियाने विचारलं. "झाडाचं?"

"खिडकी तळघराकडेच आहे माझी. दर वर्षी तू दोरा घेऊन जायचीस, मी दर वर्षी मोजायचे, तुझी अजून किती बोटं उरली." त्यांनी काठीने सावाला खूण केली. "साखळी काढ. साल खरचटवलीस ती. राख लाव त्यावर. घर हिचं. मी एप्रिलमध्येच सांगितलं होतं, या घराच्या मातीत ज्याच्या हातचा अक्रोड उभा असेल. तुम्हाला सहा महिने दिले. तुम्हाला म्हणता नको यायला, की दिले नाहीत."

सावाने साखळी काढली. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "मग वहिनी, ते खोटंच म्हणायचं? मानेचं?"

आगाफियाने विचार केला. खरं सांगायचं तर तिला ते खोटं वाटत नव्हतं. त्या मंगळवारी जी बाई काळा पोशाख घालून पडली, ती उठली असं तिला कधी ठामपणे म्हणता आलं नव्हतं. उठली ती डुकरांच्या काळजीने उठली.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मी दमलेय भाऊजी. टेबल आवरायचंय."

टेबल तिनेच आवरलं. घर मिळालं म्हणून भांडी कमी होत नाहीत. झिना पुसायला उभी राहिली, पण तिला कुठलं भांडं कुठे जातं ते माहीत नव्हतं, म्हणून आगाफियाला दुप्पट वेळ लागला. ल्यूबा म्हणाली, की तिला सुरुवातीपासून तसं वाटतच होतं. पाद्रीबाबा जाताना अक्रोडांची पिशवी घेऊन गेले.

पहाटे हिम पडलं.

आगाफियाला नेहमीच्या वेळेला जाग आली. काचेवर पांढरी नक्षी उमटली होती. बाहेर वारा अजिबात नव्हता, आणि तरी अख्ख्या उतारावर सळसळ, सळसळ आवाज सुरू झाला होता. उन्हाची पहिली तिरीप लागली आणि अक्रोडांनी एकदम सगळं सोडून दिलं. पानं सरळ खाली येत होती, ओल्या कपड्यांसारखी, एकावर एक. तासाभरात सात झाडं उघडी होतील; तळघरामागचंही. उतारावरून घसरत आलेल्या पानांनी अंगणातला खड्डाही एव्हाना झाकला असेल. मग ती पानं झाडून जाळावी लागतील, नाहीतर खालचं गवत करपतं.

तिने पाय खाली सोडले. तेवढ्यात अंगणात बादलीची कडी वाजली.

कुणीतरी पानांतून चालत होतं, सवय नसलेल्या पावलांनी, इटलीच्या बुटांनी. पावलं खड्ड्याला वळसा घालायला विसरली. पानांखाली तो दिसला नसणार. धप्पकन आवाज झाला, बादली आपटली आणि सावाने इटालियनमध्ये काहीतरी म्हटलं. सासूबाईंच्या खिडकीतून खाकरल्याचा आवाज आला.

"हळू," त्या म्हणाल्या. "झोपलीय ती."

डुकरं ओरडायला लागली होती. आगाफियाने जरा वेळ ऐकलं, मग पाय पुन्हा वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पांघरूण मानेपर्यंत ओढलं.